पालथ्या बादलीखालचे बुडबुडे

मी बादली बोलतेय. आत्ता या घडीला पालथी आहे, त्यामुळे आवाज जरा घुमल्यासारखा येईल, तेवढं सांभाळून घ्या. पालथ्या घड्यावर पाणी घालू नये म्हणतात, ते खरंच आहे. पण पालथ्या बादलीखाली काय काय साठतं, ते म्हणणाऱ्यांनी कधी वाकून पाहिलेलं नसतं. मी पाहिलंय. माझं सगळं आयुष्य त्यावरच उभं आहे, किंवा आडवं म्हणा.

जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिकचा गोळा साच्यात पडला, वरून दाब आला आणि मी झाले. बाळंतपण अर्ध्या मिनिटाचं. माझ्यासारख्या हजार बहिणी एका रांगेत, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या वीस लिटरच्या. आमच्यात रंग भरला गेला. माझ्यातल्या रंगाने कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीच्या चार भिंती उजळल्या आणि मी रिकामी झाले. रंगाऱ्याने मला एका लोखंडी सामानाच्या दुकानात आणून ठेवलं, "असू द्या, काही भरायला होईल," म्हणाला आणि गेला.

त्या दुकानदाराला सगळा बाजार मामा म्हणायचा. शाळा त्याने चौथीतच सोडलेली, पण माणूस असा की बिजागरीच्या आवाजावरून दार कुठल्या लाकडाचं ते सांगेल. त्याने मला धुतलं, घासलं, उन्हात वाळवलं आणि माझ्यात दोन इंची खिळे भरले. जागा दिली ती थेट काट्याशेजारी. तिथं मी सहा वर्षं बसले आणि व्यवहार शिकले.

एक किस्सा सांगते, पुढे उपयोगी पडेल. एक सुतार यायचा. स्वभावाने संशयी. खिळे घ्यायचा, घरी जाऊन आपल्या काट्यावर तोलायचा आणि दुसऱ्या दिवशी हजर. "मामा, माल कमी भरला!" एकदा झालं, दोनदा झालं. मामाने काटा तपासून आणला, ठीक निघाला. वजनं बदलली, तरी तेच. तिसऱ्यांदा मामा खिळे तोलताना काट्याकडे बघायचा सोडून सुताराकडे बघत राहिला. आपल्याला फसवतात की काय म्हणून सुतार ताटलीवर असा काही वाकायचा, की त्याच्या शर्टाचा खिसा ताटलीच्या कडेला टेकायचा. खिशात घडीची मोजपट्टी, दोन पेन्सिली आणि चष्म्याचं घर. तेवढं वजन दर वेळी खिळ्यांच्या नावावर पडायचं!

मामा हसून हसून रडला. म्हणाला, "अरे, तूच तुझे खिळे कमी करतोस. वजन चुकलं की माल नंतर बघावा, काटाही नंतर बघावा. आधी बघावं, टेकलंय कोण."

हे वाक्य माझ्या बुडाशी कायमचं चिकटून राहिलं.

एक दिवस मामाची भाची दुकानात आली. खाडीच्या तोंडाशी खारफुटीचं रान आहे, तिथल्या चिखलावर तिचं संशोधन चाललेलं.

"मामा, एक घट्ट बादली दे. कुठून वारा जाता कामा नये."

"ही घे. झाकण असं आहे की उघडायला दोन माणसं लागतात."

"झाकण नको. मी ती उलटी ठेवणार आहे."

"उलटी? मग भरणार काय तिच्यात?"

"वारा."

मामाने खिळे दुसऱ्या डब्यात ओतले, मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "तुझ्या आईला तेव्हाच सांगितलं होतं, पोरगी हुशार आहे, जरा जपून शिकव."

प्रयोगशाळेत माझ्या बुडाला भोक पाडलं. दुखलं नाही, पण खिळ्यांना सहा वर्षं सांभाळलेल्या बादलीला भोक पाडून घ्यायचं म्हणजे जरा लाजल्यासारखं होतंच. भोकात रबरी बूच, बुचातून बारीक नळी, आत हवा ढवळायला बोटाएवढा पंखा. असा माझा साज.

काम म्हणाल तर सोपं. ओहोटीला खाडीचं पाणी उतरलं की चिखलात आधीच रोवून ठेवलेल्या गोल कड्यावर मला पालथं घालायचं. चिखलातून जो वायू निघेल तो माझ्या पोटात साठणार. भाची दर दहा मिनिटांनी नळीतून सिरिंजने थोडी हवा ओढून काचेच्या कुपीत भरायची. अर्ध्या तासात चार कुप्या. प्रयोगशाळेतलं यंत्र प्रत्येक कुपीत काय आहे ते कागदावर काढून दाखवायचं. वायू जास्त असला की कागदावर डोंगर, कमी असला की टेकाड.

हा खटाटोप कशाला, तेही सांगते. खारफुटीची झाडं हवेतला कार्बन ओढतात. त्यांची पानं, मुळं चिखलात गाडली जातात आणि तो कार्बन शेकडो वर्षं तिथं गुपचूप पडून राहतो. म्हणून तर लोक म्हणतात, हे रान जपा. पण त्याच चिखलात, खाली जिथं हवा पोचत नाही, तिथं कुजताना मिथेन नावाचा वायूही तयार होतो, आणि हवा तापवण्यात तो फार जहाल. एका हाताने घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने द्यायचं, असा प्रकार. घेणं किती आणि देणं किती, हे कळल्याशिवाय या रानाला भलं म्हणायचं की बुरं, ते ठरत नव्हतं.

आणि ठरवायची घाई होती. तिथं बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, चिखल सुकवायचा आणि ट्रक उभे करायला मैदान करायचं, असा प्रस्ताव होता. निर्णय एका समितीकडे. समितीने भाचीला सांगितलं होतं, मोजून सांगा. मिथेन फार निघत असेल तर रान राखण्यात अर्थ नाही.

यात खरी अडकली होती मावशी. खेकडे पकडणारी, सगळ्या खाडीची मावशी. चाळीस वर्षं त्याच चिखलात तिचं पोट भरत होतं. चिखलात ती चालायची नाही. एका लांब फळीवर एक गुडघा टेकायची, दुसऱ्या पायाने मागे रेटा द्यायची आणि बदकासारखी सरकत जायची. भाचीच्या हातातल्या सिरिंजा बघून तिने पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, सुईबाई.

"काय गं सुईबाई, चिखलाला ताप आलाय का?"

"बघतेय मावशी."

"बघ बाई. पण औषध कडू देऊ नकोस. माझं घर तिथंच आहे."

भाचीबरोबर एक मदतनीस असायचा. सहा फूट उंच, अंगाने भरभक्कम, मनाने लोणी. घड्याळ लावणं, कुप्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, सगळं त्याच्याकडे. मावशी त्याला पहेलवान म्हणायची. याचा माझ्यावर विशेष जीव. ऊन लागून आतली हवा तापली तर मोजमाप बिघडतं, असं भाची एकदा बोलता बोलता म्हणाली. झालं! दुसऱ्या दिवसापासून पहेलवान भली थोरली काळी छत्री घेऊन यायचा आणि अर्धा तास माझ्या अगदी अंगाला लागून उभा राहायचा. स्वतः घामाने निथळायचा, पण माझ्यावर उन्हाची तिरीप पडू द्यायचा नाही. मला तर बाई राणीसारखं वाटायचं. सहा वर्षं खिळे सांभाळत काढलेली मी, आणि माझ्यावर छत्र!

माझ्या पोटात मात्र त्या अर्ध्या तासात सारखं बुडुक, बुडुक चालायचं. चिखलातून बुडबुडे यायचे आणि माझ्यात फुटायचे. मला वाटायचं, चिखलाचं हे असंच असतं.

पहिल्या महिन्याचे कागद आले. डोंगर. दुसऱ्या महिन्याचे आले. डोंगरावर डोंगर. भाचीने पुस्तकं उघडली. खाऱ्या पाण्याच्या चिखलात मिथेन एवढा व्हायला नको, मीठ त्याला आवरतं, असं तिच्या पुस्तकांत होतं. पण पुस्तकावर भरवसा ठेवून आकडा खोडणारी ती नव्हती. ती संशयिताच्या शोधाला लागली आणि संशयित सापडली. मी!

मला उचलून ती थेट मामाच्या दुकानात आली.

"मामा, खरं सांग. या बादलीत आधी काय होतं?"

"खिळे."

"त्याच्या आधी?"

"रंग."

"रंग! आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"तू विचारलंस कधी? तू म्हणालीस वारा भरायचाय. वाऱ्याला भिंतीचा रंग चालतो का, हे मला काय माहीत?" मामा चिडला. चिडला की तो फडक्याने काटा पुसायला लागतो. "हे बघ, माझ्या दुकानातली वस्तू मोडेल, गंजेल, पण खोटं बोलणार नाही. पारखून घे हवं तर."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशी माझी गत. प्लास्टिकच्या अंगात जुना वास मुरतो, हे मलाही ठाऊक होतं. रस्ताभर मनात एकच. खरंच माझ्यामुळे होत असेल का हे? त्या मावशीचं घर माझ्या पोटातल्या जुन्या रंगामुळे जायचं का?

भाचीने मला प्रयोगशाळेच्या फरशीवर स्टीलच्या ताटात स्वच्छ पाणी घालून त्यावर पालथं ठेवलं. खाली चिखल नाही, काही नाही. अर्धा तास. चार कुप्या. यंत्राने कागद काढला. पहिल्या कुपीपासून चौथीपर्यंत रेघ सपाट! माझ्यात काहीच वाढलं नव्हतं. मी निर्दोष.

हुश्श म्हणणार, तेवढ्यात भाचीचा चेहरा पाहिला. तो पडला होता. पहेलवान हळूच म्हणाला, "बादली चांगली आहे ताई, मग तुम्ही नाराज का?"

"बादली चांगली आहे, म्हणजे आकडे खरे आहेत," ती म्हणाली. "परवा शेवटचं मोजायचं आणि सोमवारी समितीपुढे हेच सांगायचं."

माझी सुटका झाली आणि रान अडकलं. असली सुटका कुणाला हवी होती?

परवाचा दिवस उजाडला. ओहोटी भर दुपारची. मला कड्यावर घातलं, पहेलवानाने छत्री उघडली आणि उभा राहिला. मावशी फळीवरून सरकत आली आणि चार हातांवर थांबली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण चेहरे वाचायला सिरिंज लागत नाही.

"नापास झाला का गं आमचा चिखल?"

भाचीला खोटं बोलता येत नाही. "गॅस फार निघतोय मावशी."

मावशीने फळीवरूनच वाकून पाहिलं. नुसती बघत राहिली. माझ्याकडे, कड्याभोवतीच्या पातळ पाण्याकडे, पहेलवानाच्या गुडघाभर रुतलेल्या बुटांकडे. तेवढ्यात घाम पुसायला पहेलवानाने वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं. बुडुक. बुडुक. बुडुक.

"अहो पहेलवान," मावशी म्हणाली, "जरा इकडं माझ्या फळीवर या बघू."

"छत्री कोण धरणार?"

"छत्री राहू द्या. उन्हाने बादली बाळंत होत नाही. या म्हणते ना!"

तो आला. दहा मिनिटं गेली. माझ्या पोटात सामसूम. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मला तिथं शांतता ऐकू आली.

"आता परत जा. उभे राहा पहिल्यासारखे."

तो गेला. बुडुक, बुडुक, बुडुक.

मावशी फळीवर मागे रेलून अशी हसली की तिच्या टोपलीतले खेकडे गप्प झाले. "अगं सुईबाई! हा गडी चिखलाच्या पोटावर उभा राहतो आणि तू विचारतेस याला गॅस का झाला? आम्ही फळीवरून का सरकतो वाटलं तुला, हौस म्हणून? पाय दिला की खालचे बुडबुडे वर येतात आणि खेकडा सावध होतो. हे तर माझ्या सुनेला पहिल्या दिवशी कळलं!"

मला मामाचा सुतार आठवला. खिसा ताटलीला टेकलेला! मला बोलता आलं असतं तर पहिल्याच दिवशी ओरडले असते. पण खोटं कशाला बोलू, मलाही कळलं नव्हतं. मी छत्रीखाली खूश होते.

पहेलवानाचं तोंड एवढंसं झालं. "दोन महिने मी... मीच?"

"तुम्ही जपलंत म्हणून झालं हो," भाची म्हणाली. तिचा आवाज हसावं की रडावं अशा बेताचा. "आणि उन्हाचं मीच बोलले होते. चूक माझी."

सोमवारी ती समितीपुढे गेली ती मला घेऊनच. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, मधोमध मी पालथी. एका सदस्याने चुकून माझ्यावर आपली फाइल ठेवली. भाचीने सरळ सांगितलं, "आमची मोजायची रीत चुकली. आम्ही चिखलावर उभे होतो. पुन्हा मोजायला दोन महिने द्या."

फाइलवाले साहेब हसले. "म्हणजे आकडा आवडला नाही, म्हणून बदलायचा?"

"नाही साहेब. उद्या ओहोटीला तुम्ही या. तुम्हीच उभे राहा आणि कुप्या तुमच्याच हाताने यंत्रापर्यंत न्या."

माणूस तसा सरळ असावा. आला. चकचकीत बूट घालून आला, ही त्याची चूक. अर्धा तास माझ्याशेजारी उभा राहिला, चार कुप्या भरल्या. मग बाहेर निघताना एक बूट चिखलाने ठेवून घेतला. मावशीने तो खेकडे ओढायच्या लोखंडी आकड्याने काढून दिला. मला उचलून आतली हवा जाऊ दिली आणि चिखल बसू द्यायला तासभर थांबले. तोवर पहेलवानाने कड्यापासून लांब बांबू रोवून त्यावर फळ्या टाकल्या, चिखलाला न टेकणाऱ्या. छत्री लांब काठीला बांधली. नळीला दोन मीटरचा जोड दिला. मग साहेब फळीवर बसले, एका पायात बूट, एका पायात मोजा, आणि पुन्हा चार कुप्या भरल्या.

प्रयोगशाळेत यंत्राने दोन कागद काढले. पहिला डोंगर, दुसरा टेकाड. साहेबांनी दोन्ही शेजारी शेजारी धरले.

"एवढा फरक माझ्यामुळे?"

"मनाला लावून घेऊ नका साहेब," पहेलवान म्हणाला. "माझा डोंगर तुमच्यापेक्षा मोठा होता."

दोन महिने मिळाले. त्या दोन महिन्यांत माझं पोट शांत होतं. मिथेन निघत नव्हता असं नाही. निघत होता, पण थोडा, आणि चिखलात गाडल्या जाणाऱ्या कार्बनापुढे तो लहान ठरत होता. फक्त एका कोपऱ्यात, जिथं वस्तीच्या सांडपाण्याचा नाला खाडीला मिळतो, तिथं आकडा अजून चढा होता. गोडं, घाण पाणी येऊन मीठ पातळ होत होतं. भाचीने तेही लिहिलं. मावशीच्या लाडापायी ते वगळलं नाही.

निर्णय आला त्या दिवशी ती धावत खाडीवर गेली.

"मावशी, बांध होणार नाही! भरती येत राहणार. आणि नाला दुसरीकडं वळवणार आहेत."

मावशीने हातातला खेकडा टोपलीत टाकला आणि फळीवरच बसली. मग म्हणाली, "म्हणजे पास?"

"पास. पण पहिला नंबर नाही."

"पहिला नंबर काय करायचाय? वर्गात राहू दिलं, पुष्कळ झालं." आणि डोळे पुसायला तिने हात वर नेला आणि गालावर चिखलाचा पट्टा ओढून घेतला.

मामाला कळलं तेव्हा त्याने काटा पुसला, तोही न चिडता. "मी म्हणालो होतो," तो म्हणाला, "माझी वस्तू खोटं बोलत नाही." यात मावशीचं नाव घ्यायला तो विसरला. भाचीने आठवण करून दिली तेव्हा त्याने मावशीसाठी नवा दोर पाठवला, टोपलीला बांधायला.

पुढे माझ्या कडेला तडा गेला. उन्हाचं देणं, छत्री काही जन्मभर पुरत नाही. भाचीकडे आता काचेसारखी आरपार दिसणारी नवी भांडी आली आहेत. पोरी चांगल्या आहेत, फक्त जरा नाजूक. मला टाकायला निघाले तेव्हा मावशी म्हणाली, "द्या इकडं. हिने माझं घर राखलंय."

तेव्हापासून मी तिच्या अंगणात आहे. बुडाच्या भोकाला तेच रबरी बूच. दिवसभर माझ्यात खेकडे असतात. खरखर करतात, एकमेकांच्या तंगड्या ओढतात. मामाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांची आठवण येते. संध्याकाळी मावशी मला धुते आणि कुंपणाच्या कडेला, ओल्या चिखलावर पालथी घालून ठेवते. आत्ता तशीच आहे.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. कुणाच्या दारात काही मोजायला गेलात, कुणाला भलं-बुरं ठरवायला बसलात, तर वाकायच्या आधी आपले पाय कुठं आहेत ते एकदा बघा. आणि बाजूने कुणी फळीवरून सरकत जात असेल, तर त्याला विचारा की बाबा, तू असा का जातोस?

थांबा हं. बुडुक. आला एक. छोटाच आहे, अगदी बोटाच्या पेराएवढा. कुणी उभं नाही, कुणी टेकलेलं नाही. आपल्या मर्जीने आलाय बिचारा. कुपी नाही, घड्याळ नाही, कुणी मोजत नाही. कडेच्या तड्यातून त्याला हळूच जाऊ देते.